सिद्ध कुणी करायचे?

वसमतच्या हळदीची लागवड, खुरपणी, काढणी, वेचणी यांत बाईचा हात लागला नाही असे शेत आपल्या हिंगोली जिल्ह्यात विरळाच. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा एकट्या नवऱ्याचे. लग्नानंतर दोघांच्या कष्टातून घेतलेल्या जमिनीचा वाद कोर्टात गेला, की आपलाही वाटा आहे हे बाईनेच सिद्ध करायचे. कशाने करणार? घरच्या रानात राबल्याची हजेरी कुणी मांडत नाही. माझा आक्षेप या ओझ्याला आहे. फ्रान्सच्या नागरी संहितेने ते दुसऱ्या बाजूवर टाकले आहे. १९६५च्या सुधारणेपासून तिथे, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक. आणि कलम १४०२नुसार वस्तू एकट्याची असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती सामाईकच धरायची. पुरावा आणायचा तो ‘माझी एकट्याची’ म्हणणाऱ्याने.

हे परक्यांचे कायदे आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. पण शेजारच्या गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून लागू झाली आणि मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने कायम राहिली. तिथे वेगळा करार नसेल तर लग्नाआधीचीही मालमत्ता सामाईक होते, आणि हे हिंदूंनाही लागू आहे. नवरा वारला तर निम्मे बायकोचे असतेच; वारसांत वाटायचे ते उरलेले निम्मे. आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुले आणि सासू सारखेच वाटेकरी. बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेब नाही. गोव्याचा कायदा निर्दोष नाही, सामाईक मालमत्तेचा कारभार त्याने नवऱ्याच्या हाती दिला. शिवाय वडिलोपार्जित जमीनही सामाईक करण्याची भीती इथल्या शेतकऱ्याला वाटेल आणि ती समजण्यासारखी आहे. म्हणून मी फ्रान्सची रीत पत्करतो: वारशाची जमीन ज्याची त्याची, संसारात मिळवलेली दोघांची.

खरा जड आक्षेप कर्जाचा आहे. मालमत्ता सामाईक झाली तर नवऱ्याचे देणेही बायकोच्या गळ्यात पडेल, आणि कोरडवाहू भागात ही शंका पोकळ नाही. पण याची सोय कायद्यात करता येते. फ्रान्सच्या कलम १४१५नुसार एकट्याने काढलेले कर्ज किंवा दिलेली जामीनकी, जोडीदाराची संमती नसेल तर, कर्ज काढणाऱ्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर आणि उत्पन्नावरच बसते. दोघांनी मिळून कमावलेली जमीन त्यातून सुटते. उलट वाटा नसतानाही देणे आज तिच्या गळ्यात पडतेच: आपल्याकडे नवरा गेल्यावर सावकार दारात येतो तेव्हा बाईची वारस नोंदसुद्धा अनेकदा झालेली नसते.

लक्ष्मीमुक्ती योजना आहे ना, असेही विचारले जाते. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आलेल्या, १९९२मध्ये सरकारने स्वीकारलेल्या त्या योजनेचे मोल मोठे आहे. पण बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायचे की नाही, हे तीत नवऱ्याच्या इच्छेवर राहते. कोर्ट न्याय देते म्हणावे, तर २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरकाम करणाऱ्या पत्नीचा, नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत निम्मा वाटा मान्य केला. पण त्यासाठी खटला उच्च न्यायालयापर्यंत जावा लागला.