हजेरीपट आणि वार्षिक अहवाल



उपयोजित विज्ञान विद्यापीठाने आपल्या वर्षाचा आढावा कसा घ्यावा, या विषयावर मी आज बोलावे अशी आपण इच्छा व्यक्त केलीत. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. वार्षिक अहवाल छापला जातो, सभेत वाटला जातो आणि कपाटात ठेवला जातो. तो वाचला जातोच असे नाही. तथापि एखादी संस्था स्वतःविषयी काय मोजते आणि काय मोजावयाचे टाळते, हे जाणून घ्यावयाचे असेल तर त्या अहवालासारखे दुसरे साधन नाही.

आरंभीच एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापक होतो. एका वर्षी तिचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘अंतिम परीक्षेचा निकाल उत्कृष्ट लागला’, असे वाक्य मी त्यात घातले. ते खोटे नव्हते. परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेक सारे उत्तीर्ण झाले होते. परंतु पहिल्या वर्षाच्या वर्गात ज्यांची नावे मी रोज पुकारीत असे, त्यांतील कितीतरी मुले अंतिम वर्षाच्या हजेरीपटावर नव्हती. ती कोठे गेली आणि का गेली, याविषयी अहवालात एक ओळही नव्हती. कोणी ती मागितली नाही आणि मीही ती लिहिली नाही. आजच्या माझ्या सर्व विवेचनाच्या मुळाशी हीच न लिहिलेली ओळ आहे.

प्रथम ही विद्यापीठे कशी निर्माण झाली ते थोडक्यात पाहू. पश्चिम जर्मनीतील घटकराज्यांच्या शासनप्रमुखांनी ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी एक करार केला. त्यानुसार पूर्वीच्या अभियांत्रिकी शाळा आणि तत्सम व्यावसायिक विद्यालये यांना उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला आणि ‘फाखहोखशूल’ नावाच्या संस्था उदयास आल्या. १९९८ पासून त्यांना इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’ असे नाव लावता येऊ लागले. आपण जो शब्द योजतो तो त्याचाच मराठी पर्याय होय. या संस्थांत प्राध्यापक होण्यासाठी केवळ विद्वत्ता पुरेशी मानली जात नाही. सामान्यतः पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव, आणि त्यापैकी किमान तीन वर्षे उच्च शिक्षणसंस्थेच्या बाहेरचा अनुभव, अशी अट असते. ज्याने कारखाना, रुग्णालय किंवा कार्यालय आतून पाहिले आहे त्याने ते विद्यार्थ्यांना शिकवावे, असा त्यामागील विचार आहे.

फिनलंडने हाच मार्ग नंतर स्वीकारला. पन्नास-पंचावन्न लाख लोकवस्तीचा हा देश १९९०च्या दशकाच्या आरंभी गंभीर आर्थिक मंदीत सापडला होता. बेकारीचे प्रमाण शेकडा ३ च्या आसपास होते, ते काही वर्षांत शेकडा १६ च्या वर गेले. या उपक्रमाचा प्रायोगिक कायदा १९९१ मधला, आणि त्याचे पहिले पाऊल पडले ते याच कठीण काळात. विखुरलेली व्यावसायिक विद्यालये एकत्र आणून उच्च शिक्षणाची एक नवी शाखा उभी करण्याचे कार्य त्या देशाने हाती घेतले. १९९६ मध्ये यांपैकी पहिल्या संस्थांना कायम मान्यता मिळाली आणि २००० पर्यंत प्रयोगाचा काळ संपला. आज तेथील शिक्षण मंत्रालयाच्या कक्षेत अशी २२ विद्यापीठे आहेत.

वार्षिक आढाव्याच्या दृष्टीने फिनलंडचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे, याचे कारण असे की तेथे संस्थेचा हिशेब थेट तिच्या अनुदानाशी जोडलेला आहे. २०२१ पासून लागू झालेल्या सूत्राकडे पाहू. शासनाकडून मिळणारे मूळ अनुदान १०० धरले, तर त्यांतील ५६ भाग पूर्ण झालेल्या पदव्यांच्या संख्येवर वाटण्याचे ठरले. पदवीधरांना काम मिळाले का आणि ते कशा प्रकारचे, यासाठी ६ भाग होते. नोकरी करणाऱ्या प्रौढांच्या निरंतर शिक्षणासाठी ९. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायासाठी ३. आणि व्यावसायिक शिक्षक तयार करण्यासाठी २. शिक्षणाचा वाटा असा ७६ झाला. बाहेरून मिळविलेला संशोधन-विकास निधी, पदव्युत्तर पदव्या आणि प्रकाशने यांसाठी १९ भाग राखले गेले. उरलेले ५ भाग संस्थेने मंत्रालयाशी ठरविलेल्या धोरणासाठी होते.

या आकड्यांत एक मोठा गुण आहे, तो आधी सांगतो. मध्येच शिक्षण सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची पदवी मोजली जात नाही. सबब माझ्या जुन्या अहवालात जी मुले निमूटपणे नाहीशी झाली, ती या हिशेबात नाहीशी होऊ शकत नाहीत. त्यांची अनुपस्थिती पुढील अनुदानात दिसते. गळतीचा प्रश्न केवळ अध्यापकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविण्याऐवजी तो कोषागाराच्या दारात आणून उभा केला, ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु याच गुणाला दुसरी बाजू आहे. जो शिक्षक विद्यार्थ्याला उत्तीर्ण करतो, त्याच्याच संस्थेचे अनुदान त्या उत्तीर्ण होण्यावर अवलंबून असते. परीक्षक आणि लाभार्थी एकच झाला, म्हणजे तराजूचा काटा हलण्याचा धोका निर्माण होतो. कोणी वाईट हेतू बाळगावा लागतो असे नाही. एखादा अपुरा प्रबंध ‘चालेल’ म्हणून स्वीकारला जातो. एखादी अवघड परीक्षा थोडी सोपी होते. वर्षाच्या शेवटी आकडा वाढलेला असतो आणि अहवालात त्याला प्रगती असे नाव मिळते. शिवाय ठरलेल्या मुदतीत पूर्ण झालेल्या पदवीला या सूत्रात अधिक वजन आहे, विलंबाने पूर्ण झालेल्या पदवीला कमी. दिवसा नोकरी करून किंवा घरातील लहान मूल सांभाळून जी विद्यार्थिनी सावकाश शिकते, ती हिशेबाच्या वहीत हलकी ठरते. वास्तविक उपयोजित विज्ञान विद्यापीठ ज्यांच्यासाठी निघाले, त्यांत तिचे स्थान अग्रभागी असावयास हवे.

मग या धोक्यावर उपाय कोणता? माझ्या मते तो आकड्यांचा त्याग करण्यात नाही. निवाडा संस्थेच्या भिंतींबाहेर नेणे आणि एका वर्षाहून अधिक लांब पाहणे, हे दोन उपाय मला महत्त्वाचे वाटतात. त्या देशात दोहोंचीही काही व्यवस्था आहे.

पहिला उपाय पाहू. परिचारिकेचे शिक्षण तेथे याच विद्यापीठांत होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सामान्य परिचारिकेच्या शिक्षणाचे किमान ४,६०० तास असावे लागतात आणि त्यांपैकी निदान अर्धे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. म्हणजे या विभागाचे अर्धे शिक्षण विद्यापीठाच्या वर्गात होतच नाही. ते रुग्णाच्या खाटेजवळ होते. अशा विभागाने आपल्या वर्षाचा आढावा घेताना रुग्णालयातील ज्येष्ठ परिचारिकेला विचारले नाही, तर त्याने अर्ध्या वर्षाविषयी मौन पाळले असेच म्हणावे लागेल. इतर शाखांतही प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण पदवीचा आवश्यक भाग आहे. ते किमान ३० श्रेयांकांचे असते. एका वर्षाचे ६० श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रमाचे सुमारे १,६०० तास, हे लक्षात घेता ३० श्रेयांक म्हणजे सुमारे ८०० तास होतात. पदवीचा प्रबंधदेखील पुष्कळदा एखाद्या कार्यशाळेने, रुग्णालयाने किंवा नगरपालिकेने पुढे ठेवलेल्या प्रश्नावर लिहिला जातो. त्या प्रबंधाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो वापरला गेला की ग्रंथालयात ठेवला गेला?

दुसरा उपाय काळाचा आहे. पदवी घेताना विद्यार्थ्याचा अभिप्राय विचारला जातो, हे ठीकच. परंतु त्या दिवशी मनात आनंद असतो आणि अनुभव थोडा असतो. म्हणून पदवीनंतर पाच वर्षांनी पुन्हा त्याच व्यक्तीला विचारण्याची पद्धत तेथे सुरू झाली आहे. आपण करता ते काम आपल्या शिक्षणाशी जुळते का? जे शिकलात त्यातील काय उपयोगी पडले, आणि काय शिकवावयास हवे होते? याखेरीज स्वतंत्र राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राकडून साधारण सहा वर्षांच्या अंतराने प्रत्येक संस्थेच्या गुणवत्ता-व्यवस्थेची तपासणी होते. शेतकरी पिकाचा हिशेब हंगामाला मांडतो. परंतु जमिनीचा कस वाढला की घटला, हे एका हंगामात कळत नाही. शिक्षणाचेही तसेच आहे.

आता धोरणात्मक प्रगती या शब्दाकडे वळतो. प्रगती म्हणजे कोणत्या दिशेने पुढे जाणे? अशा विद्यापीठांपुढे एक मोह सतत उभा असतो. जुन्या, प्रतिष्ठित विद्यापीठांसारखे दिसावे हा तो मोह होय. ब्रिटनचा अनुभव या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. तेथील शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १९६५ मध्ये वुलिच येथील भाषणात विद्यापीठांच्या बरोबरीने उच्च शिक्षणाचा दुसरा, व्यवसायाभिमुख प्रवाह उभा करण्याचे धोरण मांडले आणि त्यातून पुढे पॉलिटेक्निके स्थापन झाली. १९९२ च्या कायद्याने त्यांना विद्यापीठ हे नाव घेण्याचा मार्ग मोकळा झाला आणि दोन प्रवाहांची ती व्यवस्था संपुष्टात आली. त्या संस्थांना प्रतिष्ठा मिळाली, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या माथ्यावरील कमीपणाचा शिक्का पुसला गेला. हा लाभ लहान नव्हे. परंतु वेगळे नाव गेले, तेव्हा वेगळे कार्य कोणाचे, हा प्रश्न मागे राहिला. जर्मनीत २०१६ मध्ये हेसन राज्याने फुल्डा येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठास डॉक्टरेट प्रदान करण्याचा अधिकार दिला. तो अशा प्रकारच्या संस्थेस मिळालेला पहिला अधिकार होता. फिनलंडने मात्र या विद्यापीठांना डॉक्टरेटचा अधिकार दिलेला नाही. त्याने पदव्युत्तर शिक्षण वेगळ्या रीतीने घडविले. पदवीनंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव असल्याशिवाय त्या अभ्यासक्रमास प्रवेश नाही. विद्यार्थी आपल्या कामातील अडचण घेऊन येतो आणि तिचे उत्तर शोधतो.

यांपैकी कोणता मार्ग श्रेष्ठ, याचा निर्णय मी देणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की दुसऱ्यासारखे होणे याला आपण प्रगती म्हणत आहोत काय, हे संस्थेने दरवर्षी स्वतःला विचारावे.

हे सारे दूरदेशीचे वृत्त आहे, असे आपणांपैकी कोणास वाटेल. परंतु आपल्या भूमीला ही कल्पना अपरिचित नाही. रूडकी येथे १८४७ मध्ये अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले, ते गंगा कालव्याच्या कामाला शिक्षित माणसे हवी होती म्हणून. तो कालवा १८५४ मध्ये सुरू झाला. परकीय राज्यकर्त्यांच्या गरजेतून ते महाविद्यालय जन्माला आले, हे विसरून चालणार नाही. परंतु तेथील विद्येची परीक्षा वर्गाबाहेर, सोलानी नदीवरून कालवा नेणाऱ्या सेतूवर होत होती, हेही तितकेच खरे. स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. पिलानी येथे १९७३ मध्ये विद्यार्थ्यांना काही महिने प्रत्यक्ष उद्योगात पाठविण्याची पद्धत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली. म्हणजे बीज आपल्याकडेही आहे. उणीव आहे ती त्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडण्याच्या सवयीची.

म्हणून समारोप करताना चार प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. यंदा किती जण आपणांस सोडून गेले, आणि त्यांच्यापैकी किती जणांशी आपण त्याविषयी बोललो? पाच वर्षांपूर्वी येथून गेलेले विद्यार्थी आज कोणते काम करीत आहेत? आपल्या परिसरातील कोणत्या रुग्णालयाने, कारखान्याने किंवा ग्रामसंस्थेने आपल्याकडे प्रश्न आणला, आणि त्याला उत्तर मिळाले का? आणि शेवटचा प्रश्न असा, की जे निरुपयोगी ठरले असे काय आपण यंदा बंद केले? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणत्याच अहवालात आढळत नाही. कारण आरंभाचा समारंभ होतो, समाप्तीचा होत नाही.

या प्रश्नांची उत्तरे सुखद असतीलच असे नाही. कदाचित असा अहवाल वाचून एखादा सदस्य नाराज होईल, एखादे अनुदान लांबणीवरही पडेल. तो धोका मी लहान लेखीत नाही. तो पत्करण्याचे धैर्य मला माझ्या तरुणपणी झाले नव्हते. परंतु तेव्हा जी मुले हजेरीपटावरून गळाली, त्यांना माझ्या त्या उत्कृष्ट निकालाचा काही उपयोग झाला नाही. आपल्यापैकी जो कोणी यंदाचा अहवाल लिहील, त्याला माझी एकच विनंती आहे. लिहावयास बसताना त्याने अंतिम वर्षाच्या निकालाशेजारी पहिल्या वर्षाचा हजेरीपटही उघडून ठेवावा, आणि दोहोंतील नावे एकदा ताडून पाहावीत.