आधी लेन्स, मग कॅमेरा
(गणेशोत्सवात नई सडक, लष्कर, ग्वाल्हेर येथे झालेले भाषण)



उत्सवाचे फोटो काढण्याचे काम आम्हा चार-पाच जणांकडे असते. गेल्या वर्षी संध्याकाळच्या आरतीचे बहुतेक फोटो हलले. अथर्वशीर्षाला पुढे बसणाऱ्या एक आजी पुढे माघात गेल्या. घरच्यांनी त्यांचा इथला एखादा फोटो मागितला. आम्ही देऊ शकलो नाही. म्हणून यंदा मंडळासाठी कॅमेरा घेताना जे शिकलो, ते सांगतो.

पहिला मोह नव्या, महागड्या बॉडीचा होता. पण अडचण बॉडीची नव्हतीच. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची लेन्स झूम केली की एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागत होता, तिथे एकशेपंचविसावा पुरतो. ओवाळणारा हात मग पुसट होत नाही. मात्र एफ १.८ वर एकच चेहरा स्पष्ट येतो; समूहाच्या फोटोला एफ ४ किंवा ५.६ ठेवावे.

लहान सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५-८० सारखी वागते. आपल्याकडे मागे सरकले की भिंत लागते, म्हणून आम्ही ३५ मिमी घेतली.

बॉडी जुनी घेतली. जुना माल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का ते बघावे. बॉडीचे शटर किती वेळा चालले ते विचारावे. आणि जोडी जुळते का ते तपासावे: निकॉनच्या ३००० व ५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते; जुनी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये.

उरलेल्या पैशांत तिवई आणि घट्ट झाकणाचा डबा घेतला. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात. पावसाळ्यात लेन्स त्यातच राहते.

लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. तिथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणाला सुरुवात केली. आपल्या किल्ल्याचे त्यांनी काढलेले फोटो १८८६ साली लेपल ग्रिफिन यांच्या ग्रंथात छापले गेले. काचेच्या प्लेटा, जड तिवई, एवढ्यावर ते काम झाले. आपल्या हाती त्याहून कितीतरी जास्त आहे.

आता एक विनंती. यंदा आरतीनंतर प्रत्येक ज्येष्ठाचा एक फोटो आम्ही काढणार आहोत आणि प्रत घरी पोहोचवणार आहोत. कृपया दोन मिनिटे थांबावे. “आमचा कशाला?” असे म्हणू नये.

गणपती बाप्पा मोरया!