‘मस्त’ : शब्द एक, अर्थ अनेक
(गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी भाषेचा पंडित नाही, सोने गाळणारा माणूस आहे. पण आरतीनंतर दोन शब्द बोला असा आग्रह झाला, म्हणून दोन नाही तर एकच शब्द घेऊन उभा आहे. तो म्हणजे ‘मस्त’.

२०१६ च्या मे महिन्यात आम्ही गावी, आटपाडी तालुक्यात गेलो होतो. मुलगा तेव्हा ९ वर्षांचा. जन्म इथला, शाळा इथली, मराठी काय ती घरात ऐकलेली. वडिलांनी खरसुंडीच्या बाजारातून खिलार खोंड आणला होता. नातवाला त्यांनी बजावले, "खोंड मस्तीला आलाय, लांबनंच बघ." आता आमच्या घरात मस्ती म्हणजे काय? पोरांनी गादीवर उड्या मारल्या की त्यांची आई ओरडते, "मस्ती पुरे!" पोराला वाटले, खोंडाला खेळायचे आहे. दुपारी सगळे झोपल्यावर हा त्याच्याशी खेळायला गेला. एका धडकेत हात मोडला. वडील कितीतरी दिवस म्हणत होते, "मी सांगितलं हुतं की रं त्याला." सांगितले होते हे खरे, आणि पोराने ऐकले होते हेही खरे.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसला. ‘मस्त’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ नशेत असलेला, धुंद. संस्कृतातला ‘मत्त’ त्याचा सख्खा भाऊ, दोघांचे मूळ एकच. (‘मस्तक’ मात्र या घरातले नव्हे, फसू नका.) नर हत्ती मदावर येतो तेव्हा डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून स्राव वाहतो. कधी काही आठवडे, कधी २-३ महिने तो माहुताचेही ऐकत नाही. या अवस्थेला इंग्रजीत ‘मस्थ’ म्हणतात, तो हाच शब्द. आपले तमिळ शेजारी ‘मदम्’ म्हणतात. इकडच्या देवळांतून बहुतेक हत्तिणीच दिसतात, त्यामुळे आपल्या मुलांना हा प्रकार पाहायला मिळत नाही, आणि ते बरेच आहे!

मराठीत या धुंदीच्या दोन वाटा झाल्या. एक माजाची : मस्तवाल, मस्तावलेला, मदमस्त. ‘पैशाची मस्ती’ म्हणतो ती याच वाटेवरची. दुसरी आनंदाची : अलमस्त फकीर, मस्तानी, मस्त मजेत. सूफी संतांनी तर ईश्वरप्रेमाच्या धुंदीलाच ‘मस्ती’ म्हटले. आणि आता हवा मस्त, साडी मस्त, सांबार मस्त, परीक्षेचा पेपरसुद्धा मस्त. तेलंगणातल्या तेलुगूत ‘मस्तु’ म्हणजे ‘पुष्कळ’ असाही अर्थ होतो. तिथे धंदा करणारे आपले बांधव तो रोज ऐकतात.

मला स्वतःला या सरसकट ‘मस्त’चा थोडा रागच आहे. माझी आई थालीपीठ खमंग म्हणायची, आमटी चवदार, लुगडे झोकदार, बैल देखणा, गाणारा फक्कड. माझी मुले या सगळ्याला एकच शब्द वापरतात. पण दोष त्यांना कसा देऊ? घरात आम्हीच दुसरा शब्द उच्चारत नाही.

आणि अर्थ बदलतो यात नवल नाही. ‘जोर’ घ्या. हाही फारसी. आपल्याकडे त्याचा अर्थ ताकद. पण इथला गिऱ्हाईक काम पाहून ‘जोरा इरुक्कु’ म्हणतो तेव्हा तो ‘उत्तम आहे’ म्हणत असतो. मी नवीन आलो तेव्हा मला वाटले, हा भांडायला उठला! तसेच त्यांचे ‘बेश बेश’ आणि आपल्या गावाकडचे ‘लई बेस’. शेजारी शेजारी ठेवून बघा. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. इथल्या जुन्या घरांतील आजी-आजोबांकडे असे किती शब्द असतील! आपण नव्याने आलेले लोक त्यांच्या मराठीला हसतो. त्याऐवजी या उत्सवात रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसून शब्द विचारावेत, वहीत उतरवावेत, अशी माझी मंडळाला सूचना आहे. वही मी देतो.

मुलाचा हात बरा झाला. खोंड पुढे विकला. आता फोनवर आजोबा म्हणतात, "यंदा ज्वारी मस्त आलीया," तर हा आधी विचारतो, "आजोबा, कुठलं मस्त? जेवणातलं का खोंडातलं?"