जागा कुणाच्या नावावर आहे?



आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गात संघराज्य येतं, कलम 3 येतं, राज्य पुनर्रचना येते. यातलं बरंचसं सीमाभागातल्या पोरांना वर्गात जायच्या आधीच पाठ असतं. घर हा विषय मात्र येत नाही. गल्लीतल्या एका खोलीत सहा माणसं भाड्यानं का राहतात आणि सरकारी योजना त्यांच्या दारापर्यंत का पोचत नाही, हे मला दोन माणसांचं काम वाचताना आणि आमच्या गल्लीतल्या एका काकूंबरोबर फिरताना कळलं. त्याबद्दल बोलतो.

पहिले जॉकिन अर्पुथम. जन्म कोलार गोल्ड फील्ड्सचा, म्हणजे कर्नाटकातलाच. माणूस तमिळ, आयुष्य गेलं मुंबईच्या झोपडपट्टीत. ते राहायचे त्या जनता कॉलनीत कचरा उचलला जात नव्हता. त्यांनी वस्तीतली पोरं गोळा केली, प्रत्येकाच्या हातात कचऱ्याची पुडी दिली आणि सगळा कचरा पालिकेच्या ऑफिससमोर नेऊन टाकला. हा किस्सा सगळ्यांना आवडतो. पण 1976 साली, आणीबाणीत, ती वस्ती पाडलीच आणि माणसं चीता कॅम्पला नेऊन टाकली. मोर्चानं कचरा उचलला जातो, घर वाचतंच असं नाही.

पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1985 साली फुटपाथवरच्या लोकांचा ओल्गा टेलिस खटला सुप्रीम कोर्टात गाजला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टानं मानलं, पण फुटपाथवर राहायचा हक्क दिला नाही. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेनं फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली. कुठून आले, किती वर्षं झाली, काय काम करतात, हे सगळं लिहून काढलं. पुढं जॉकिन यांचं फेडरेशन आणि भायखळ्याच्या बायकांची ‘महिला मिलन’ त्यांच्याबरोबर आली, आणि वस्तीनं आपली मोजणी आपणच करायची ही पद्धतच पडली. अधिकारी म्हणाला, ‘हे कालच आलेत’, तर समोर वही ठेवता येते. वही नसली की त्याचाच आकडा खरा.

दुसरे दत्ता इस्वलकर, मॉडर्न मिलचे कामगार. हे आपल्याला जवळचे, कारण चंदगड, आजरा, गडहिंग्लज आणि आपल्या बेळगाव-खानापूर भागातनंही माणसं गिरणीत गेली होती. 1982 चा संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या. 1989 मध्ये इस्वलकरांनी उपोषण केलं, बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभी राहिली. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: एक पालिकेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होणार असं झालं. एका ओळीनं घरांची जमीन आक्रसली. तरी ही माणसं हटली नाहीत. 2012 मध्ये म्हाडाच्या 6,925 घरांची सोडत निघाली, अर्ज मात्र लाखाहून जास्त. इस्वलकर 2021 साली गेले, घराची वाट बघणारे वारस अजून आहेत.

त्या अर्जाला काय लागायचं? गिरणीत होतो याचा पुरावा. हजेरी पास, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, फंडाचा कागद. ज्या म्हातारीनं नवऱ्याचा पास ट्रंकेत जपून ठेवला तिचा अर्ज उभा राहिला. ज्यांच्या घरात तो रद्दीत गेला त्यांचं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

आता आपल्याकडं या. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत शहरात स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे 1.5 लाख मिळायचे. ऐकायला बरं. पण जागा त्याच्या नावावर पाहिजे. आमच्या गल्लीत उतारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वारसा चढवलेला नाही, चार भाऊ एकाच छपराखाली. कागदावर चौघांपैकी कुणाचंच काही नाही. आणि भाडेकरूंचा तर विषयच नको!

महिला मंडळाच्या काकू हेच काम करतात. शाळा सातवी, हातात दोनशे पानी वही. घर कुणाचं, उतारा आहे का, वारसा चढला का, भाडं किती, लाईट बिल कुणाच्या नावावर. एकदा त्यांच्याबरोबर गेलो तर एका घरात हक्कपत्र फ्रेम करून देवाशेजारी लावलेलं, पण त्यात काय लिहिलंय हे घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. कन्नडमध्ये होतं. क्षेत्रफळ कमी पडलंय हे काकूंनी वाचून घेतल्यावर कळलं. मराठीत कागद द्या ही आपली मागणी अशा घरांसाठी आहे. आपण ती फक्त फलकांपुरती ठेवलीय, हे मला पटत नाही.

घटनेचं कलम 350 सांगतं की तक्रार निवारणासाठीचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. म्हणजे घराबद्दलची तक्रार मराठीत देता येते. मात्र उत्तर मराठीतच द्यावं असं ते कलम म्हणत नाही. म्हणून निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, तारखेचा शिक्का बघायचा, झेरॉक्स ठेवायची. कन्नड वाचणारं एक पोरगं प्रत्येक गल्लीत पाहिजे, आणि ते पोरगं आपल्यातलंच असावं. कन्नड शिकल्यानं मराठी कमी होत नाही, हे इथल्या काही ज्येष्ठांना आवडणार नाही, पण मी म्हणतो.

येत्या रविवारी काकूंबरोबर अजून दोन गल्ल्या करायच्या आहेत. सहा जण लागतील, त्यात निदान दोघांना कन्नड वाचता यावं. सकाळी नऊला मारुती मंदिराजवळ या, वही-पेन आणा. पहिला प्रश्न ठरलेला आहे: जागा कुणाच्या नावावर आहे?