परदेशी जाताना औषधांची पिशवी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलण्यातली बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतच. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला की, लेकीच्या बाळंतपणाला दुबईला जाऊन आलात, त्यातले चार शब्द सांगा. तिथल्या उंच इमारतींचे वर्णन आपण पुष्कळ ऐकले आहे. मी औषधांच्या पिशवीविषयी बोलणार आहे. त्या पिशवीपायी जाण्याआधी आठ दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सुरुवात झाली डिंकाच्या लाडवांपासून. खसखस भाजून ताटात काढली, तोच जावईबापूंचा फोन आला, "आई, खसखस मात्र आणू नका, इथे बंदी आहे." मला थट्टाच वाटली! पण खसखस अफूच्याच बोंडातली. दुबईत, सौदी अरेबियात, सिंगापुरात ती नेणे गुन्हा आहे. लाडू बिनखसखशीचे वळले. मग मनात आले, खसखशीची ही गत, तर औषधांचे काय?

मला रक्तदाबाची गोळी रोजची. आपली सवय तुम्हाला ठाऊकच आहे. गोळ्या पट्टीतून काढायच्या आणि एखाद्या जुन्या डबीत भरायच्या. शिवाय औषधवाला कात्रीने पट्टी कापून देतो. नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. अशा गोळ्या कुणी हातात घेऊन "हे काय?" म्हणून विचारले, तर सांगणार काय? मी अख्ख्या पट्ट्या मागून घेतल्या, बिलासकट.

डॉक्टरांकडे चिठ्ठी मागितली, तर त्यांनी सवयीप्रमाणे नुसते आडनाव लिहिले. मी पासपोर्ट पुढे केला आणि म्हटले, यावर आहे तसेच पूर्ण नाव घाला. मग त्यांनी इंग्रजीत, सुटे सुटे अक्षर काढून, गोळीचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, रोज किती आणि कशासाठी, हे सारे लिहून सही-शिक्का दिला. माझ्या गोळीचे मूळ नाव अ‍ॅम्लोडिपिन. इतकी वर्षे घेते आहे, पण नाव त्या दिवशी कळले. आपल्याकडचे पट्टीवरचे नाव परदेशातला औषधवाला ओळखीलच असे नाही. मूळ नाव ओळखतो.

आता अवघड गोष्ट. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी एक पुडके दिले. काकू आज इथे बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगते. मुलाची कंबर धरते आणि इथल्या गोळीनेच त्याला उतार पडतो. पंचवीस वर्षांचा शेजार. माझ्या दुखण्यात त्यांनी महिनाभर डबा दिला होता. नाही कशी म्हणू? पुडके घेतले. रात्री उठून उघडले आणि सकाळी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला पट्टी दाखवली. तो म्हणाला, "मावशी, यात ट्रॅमाडॉल आहे. हे तिकडे हात लावायचे नाही."

२०१७ साली एक इंग्रज बाई अशाच जवळपास ३०० गोळ्या घेऊन इजिप्तला गेली होती. आपल्या माणसाच्या पाठदुखीसाठी नेल्या, एवढाच तिचा अपराध. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि एक वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढून २०१९ साली ती सुटली. हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

पुडके परत द्यायला गेले तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मलाही जेवण गोड लागेना. शेवटी त्यांच्या मुलानेच फोन करून सांगितले, "आई, बरे झाले, त्यांनी आणले नाही." त्याने तिथल्याच डॉक्टरांना कंबर दाखवली.

ट्रॅमाडॉलच एकटे नव्हे. कोडीन घातलेले खोकल्याचे औषध, झोपेची किंवा धडधडीची अल्प्राझोलाम, ही औषधे स्वतःची असली तरी दुबईला नेण्यासाठी तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी ऑनलाइन काढावी लागते, आणि तीही महिन्याभरापुरतीच मिळते. परवानगी नको म्हणून झोपेची गोळी एकदम सोडून देऊ नका. रोजची असेल तर तसे केल्याने अपाय होतो. डॉक्टरांना आधी विचारा. जपानात तर सर्दीच्या काही गोळ्यांनाही मज्जाव आहे. देशोदेशी यादी वेगळी, तेव्हा तिकिटाआधी चौकशी.

मंडळात इन्शुलिन घेणाऱ्या दोघी-तिघी आहेत, त्यांच्यासाठी सांगते. ते विमानात हातातल्या पिशवीतच ठेवावे. खाली सामानात गेले तर गोठण्याची भीती असते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामी.

विमानतळावर मला कुणी काही विचारले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. मी मात्र चिठ्ठी मुठीत धरूनच चालले होते. घामाने तिचा कोपरा भिजला होता.

त्या चिठ्ठीची प्रत माझ्याकडे आहे. कुणाला आपल्या डॉक्टरांकडून तशी लिहून घ्यायची असेल, तर दुपारी तीननंतर घरी यावे. बिनखसखशीचे लाडू अजून थोडे उरले आहेत.