नर्सचा नकार, पेशंटची इच्छा
(अंबड, जि. जालना येथे परिचारिकांच्या बैठकीत केलेले भाषण)



दयामरणाचा विषय निघाला की डॉक्टर बोलतात, वकील बोलतात. पण प्रत्यक्ष नळी काढायची वेळ आली की हात बहुधा सिस्टरचे असतात. म्हणून अरुणा शानबागची गोष्ट आज मी तिच्या सहकारी नर्सेसच्या बाजूने सांगणार आहे.

अरुणा स्वतः नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. (त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही, त्याविषयी पुन्हा कधीतरी बोलू.) तिचं पुढचं सगळं आयुष्य त्याच रुग्णालयात गेलं. नर्सेसनी तिला भरवलं, अंग पुसलं, कूस बदलली. ३७ वर्षांत तिला पाठीला एक जखम होऊ दिली नाही! हे किती कठीण, ते तुम्हाला मी काय सांगणार? ऐंशीच्या दशकात महापालिका तिला तिथून हलवू पाहत होती, तेव्हा याच आडव्या आल्या. पिंकी विराणींच्या २००९ च्या अर्जात तिचं अन्न थांबवण्याची मागणी होती. नर्सेस नाही म्हणाल्या. तो नकार मला मान्य आहे. जिला घास भरवला तिचा घास काढून घ्यायला कुणाचे हात जबरीने वापरू नयेत.

परंतु ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय पुढे गेलं. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच, असं ठरलं. त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं, असंही सांगितलं. 'माझ्या हातून हे होणार नाही' हे वेगळं आणि 'हिने जगलंच पाहिजे' हे वेगळं. इथे दोन्ही एक झाली. अरुणाची इच्छा काय, ते कुणालाच कळण्याजोगं नव्हतं. १८ मे २०१५ रोजी ती न्यूमोनियाने गेली.

२०१८ च्या निकालामुळे आता आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. २०२३ पासून त्यावर नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. कृत्रिम आधार काढण्यापुरतंच हे. इंजेक्शन देऊन मारणं गुन्हाच आहे. निर्णयाला दोन मंडळांची संमती लागते, आणि दोन्ही मंडळं डॉक्टरांची!

उद्या एखाद्या बाईने असा कागद केलेला असेल आणि तुमचं मन धजत नसेल, तर बाजूला व्हायची मोकळीक तुम्हाला हवी. तिचा कागद अडवायची नको. पण रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर असेल तर ती बाजूला होऊन जाणार कुठे? म्हणून नळी काढायच्या आधी सिस्टरला विचारलं जावं, ती नाही म्हणाली तर त्या पाळीला दुसरी मिळावी, आणि या कारणावरून बदली किंवा मेमो नको, एवढं आपण लेखी मागू. वेदना कमी करायचं औषध आणि तोंड ओलं करणं मात्र नकार देणारीनेही थांबवायचं नाही.