शिष्यवृत्तीची नोंदवही आणि मॅक्रोने उघडणारा फॉर्म

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून दानधर्म, शिक्षणप्रसार, समाजसेवा अशा थोर विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका कारकुनी विषयावर बोलणार आहोत. आपल्या न्यासाची शिष्यवृत्तीची नोंद आता संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये होते. ती नोंद करण्यासाठी मॅक्रोने उघडणारा फॉर्म कसा असावा, एवढाच आमचा विषय.

विषय कारकुनी असला तरी क्षुल्लक नाही. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्या मुलाचा हात यांच्यामध्ये एक नोंदवही असते. तिच्यात मुलाचे नाव नीट उतरले तर दान पोहोचते. न उतरले तर दात्याची इच्छा आणि मुलाचे वर्ष ही दोन्ही वाया जातात. आम्ही शिक्षक लोक जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्यात अर्धे आयुष्य घालवतो. एका अक्षराच्या फरकाने मुलगा कसा अडतो, हे आम्हांस कोणी निराळे शिकवावयास नको.

प्रथम स्प्रेडशीट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हिशेबनीस मोठ्या कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून जो तक्ता करीत, तोच संगणकाच्या पडद्यावर आणण्याची कल्पना अमेरिकेत डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला सुचली, आणि बॉब फ्रँकस्टन याच्या साहाय्याने 1979 साली 'व्हिसिकॅल्क' नावाचा कार्यक्रम बाजारात आला. 1983 साली 'लोटस 1-2-3' आले. 1985 साली 'एक्सेल' आले. आज पुष्कळ कचेऱ्यांत एक्सेल चालते, आणि ज्यांना पैसे मोजावयाचे नाहीत त्यांच्यासाठी 'लिबरऑफिस'चे 'कॅल्क' विनामूल्य उपलब्ध आहे.

आता, हा तक्ता हिशेबासाठी जन्मला. माणसांच्या नोंदीसाठी नव्हे. त्यामुळे त्यात थेट नोंद करू लागले की काही खोडी हटकून निघतात.

पहिली खोडी अंकांची. स्प्रेडशीट प्रत्येक अंकसमूहाला रक्कम समजते. खातेक्रमांकाच्या आरंभी शून्य असेल तर ते निरर्थक समजून गाळते. एक्सेल पंधराच अंक अचूक धरते. काही बँकांचे खातेक्रमांक सोळा अंकी असतात, तेथे सोळावा अंक शून्य होऊन बसतो. कारकुनाने बरोबर टंकले, तक्त्याने चुकीचे ठेवले, आणि शिष्यवृत्ती परत आली.

दुसरी खोडी तारखेची. 5/6 असे लिहिले तर पाच जून की सहा मे, हे त्या संगणकाच्या मांडणीवर ठरते.

तिसरी सर्वांत भयंकर. नावे अकारविल्हे लावण्याच्या भरात केवळ नावांचाच रकाना निवडून क्रम लावला, तर नावे हलतात आणि गुण जागच्या जागी राहतात. एक्सेल तेथे इशारा देते. पण घाईतला मनुष्य इशारे वाचीत नाही. एका क्षणात एकाचे गुण दुसऱ्याच्या पदरात पडतात, आणि वरवर पाहता तक्ता पूर्वीइतकाच नीटनेटका दिसतो.

यावर उपाय असा की, नोंद करणाराने तक्त्याला हातच लावू नये. त्याच्यापुढे एक फॉर्म उघडावा, त्यात एका वेळी एकाच मुलाची माहिती भरावी, आणि तपासून झाल्यावर ती फॉर्मनेच तक्त्यात नेऊन ठेवावी.

असा एक तयार फॉर्म एक्सेलमध्ये मुळातच आहे. तो 32 रकान्यांपर्यंत चालतो, आणि त्याला मॅक्रो लागत नाही. फक्त त्याचे बटण वरच्या पट्टीवर आपण स्वतः आणून ठेवावे लागते. लहान संस्थेने तेथूनच आरंभ करावा. परंतु तो स्वतःहून फारशी विचारपूस करीत नाही. बारीक तपासणी हवी असेल तर स्वतःचा फॉर्म बांधावा लागतो. त्यालाच युजरफॉर्म म्हणतात, आणि 'एक्सेल 97'पासून ती सोय आहे.

बांधण्याची रीत अवघड नाही. 'आल्ट' आणि 'एफ 11' या कळा एकत्र दाबल्या की मॅक्रो लिहिण्याची खिडकी उघडते. 'इन्सर्ट'मधून युजरफॉर्म घ्यावा. त्यावर लिहिण्याच्या चौकटी, निवडीच्या याद्या आणि दोन बटणे मांडावी, एक 'नोंद करा' आणि एक 'रद्द'. फॉर्म उघडणारा मॅक्रो तर एका ओळीचा आहे: फॉर्मचे नाव, टिंब, आणि पुढे 'शो'. हा मॅक्रो शीटवरील एका बटणाला जोडला की बटण दाबताच फॉर्म समोर येतो. फाईल उघडताच तो यावा असे वाटल्यास तीच ओळ 'वर्कबुक ओपन' या प्रसंगाखाली लिहावी. फॉर्म उघडा असेपर्यंत मागच्या तक्त्याला हात लावता येत नाही, ही त्याची मूळची रीत. नोंदीच्या कामी तीच उत्तम. पडताळणी करणारास दोन्ही एकदम पाहावयाचे असतील तर 'शो'पुढे 'व्हीबी-मोडलेस' हा शब्द जोडावा. कॅल्कमध्ये हेच काम 'डायलॉग' बांधून होते. फाईल मात्र 'एक्सएलएसएम' या प्रकारात राखावी. साध्या 'एक्सएलएसएक्स'मध्ये राखली तर तक्ता राहतो आणि मॅक्रो जातात.

आता 'नोंद करा' दाबल्यावर काय होते, ते लक्षपूर्वक पाहावे अशी आमची विनंती आहे. कारण या भाषणाचे मर्म तेथे आहे.

नवी नोंद कोठे लिहावी, हे मॅक्रोला शोधावे लागते. त्याची रूढ युक्ती अशी: एका रकान्याच्या अगदी तळाशी, म्हणजे 10,48,576 व्या ओळीवर जावयाचे, तेथून वर चढत यावयाचे, आणि पहिले भरलेले घर लागले की त्याच्या खालच्या ओळीत लिहावयाचे. युक्ती नामी आहे. पण समजा, मॅक्रो लिहिणाराने या कामासाठी आडनावाचा रकाना धरला, आणि शेवटच्या मुलाला आडनावच नाही. मग काय होईल? वर चढणारा मॅक्रो त्या रिकाम्या घराला ओलांडून वरच्या मुलाशी थांबेल, आणि पुढच्या अर्जदाराची नोंद बरोबर त्या बिनआडनावाच्या मुलावर लिहील. काही आवाज होणार नाही, इशारा येणार नाही. मूल नोंदवहीतून पुसले जाईल. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच.

यावर कोणी म्हणेल, आडनाव सक्तीचे करा. ते भरल्यावाचून फॉर्म पुढे जाऊ नये. दोन ओळींचे काम आहे. पण मंडळी, हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही त्रिपदी मराठी मनास इतकी अंगवळणी पडली आहे की, जगातील सर्व माणसे अशीच असतात असे आपणांस वाटते. आमच्या मुसलमान समाजात कोणी मुल्ला, कोणी पठाण, कोणी इनामदार आहेत हे खरे. पण कित्येक घरांत आडनाव चालतच नाही, आणि मुलींच्या नावापुढे बी, बानू किंवा बेगम एवढेच येते. आमच्या कानडी शेजाऱ्यांत वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावण्याची चाल आहे. आईनेच वाढवलेल्या मुलास वडिलांच्या नावाची सक्ती केली तर ते मूल काय लिहील? तो फॉर्म त्याला दर वेळी 'ही जागा रिकामी ठेवता येत नाही' असे बजावील. यंत्राने सांगितलेले ते वाक्य मुलाला न्यासाने सांगितल्यासारखेच लागते.

म्हणून आमचे सांगणे असे की, सक्तीची गोष्ट एकच असावी, आणि ती न्यासाने स्वतः द्यावी: अनुक्रमांक. मॅक्रोने प्रत्येक नोंदीला आपोआप पुढचा क्रमांक द्यावा आणि खालची ओळ शोधताना हाच रकाना धरावा. तो कधी रिकामा राहणार नाही. हा क्रमांक अर्जाच्या पावतीवर लिहून मुलाच्या हाती द्यावा. पुढील वर्षी नूतनीकरणाला त्याच क्रमांकावरून जुनी नोंद काढावी, नावावरून नव्हे. कारण अब्दुल रहमान, अब्दुर्रहमान आणि अब्दुल रेहमान हा आपल्या लेखी एकच मुलगा आहे. मॅक्रोच्या लेखी ते तीन आहेत. नावाची चौकटही एकच असावी: 'पूर्ण नाव, दाखल्यावर असेल तसे'. आणि पुढे एक जागा 'पालकाचे नाव' अशी असावी. मग ती आई असो, आजी असो वा मामा.

बाकीच्या खोडींचे निवारण सोपे आहे. खातेक्रमांकाचा रकाना अगोदरच मजकुराचा ठरवावा आणि मग त्यात लिहावे, म्हणजे शून्ये जात नाहीत. खातेक्रमांक दोनदा विचारावा व जुळल्यावरच स्वीकारावा. जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष अशा तीन याद्या ठेवाव्या, आणि महिन्याचे नाव अक्षरी असावे. एकच खातेक्रमांक दुसऱ्यांदा आला तर फॉर्मने नोंद नाकारू नये. जुनी नोंद दाखवावी. दोघा भावंडांचे खाते आईच्या नावावर एकच असू शकते. निर्णय माणसाने करावा, यंत्राने फक्त आठवण द्यावी.

भाषेची एक अडचण या भागात फार जाणवते. एक्सेलच्या मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी अक्षरे टिकत नाहीत. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. म्हणून पुष्कळजण फॉर्म इंग्रजीत करून मोकळे होतात. वास्तविक तोड आहे. एका निराळ्या शीटवर फॉर्ममधील सर्व प्रश्न लिहून ठेवावे, एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात कानडी, तिसऱ्यात उर्दू. आणि फॉर्म उघडताना मॅक्रोने ते तेथून उचलून लावावे. एकच फॉर्म तीन भाषांत बोलतो. अर्जदार समोर बसला असता त्याला आपल्या भाषेत प्रश्न वाचता येतो, आणि कारकुनाने काय लिहिले ते तो स्वतः पाहू शकतो. पारदर्शक कारभार म्हणतात तो याहून निराळा नाही.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. मॅक्रो म्हणजे आज्ञा, आणि आज्ञा दुष्टही असू शकते. 1999 साली 'मेलिसा' नावाचा उपद्रव मॅक्रोच्या वाटेनेच जगभर पसरला होता. 2022पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्यास सुरुवात केली, ते योग्यच झाले. अनोळखी फाईलचा मॅक्रो चालू करू नये. दुसरे, हे मॅक्रो भ्रमणध्वनीवर किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये चालत नाहीत. हा फॉर्म कचेरीतील मेजासाठी आहे. तिसरे, शीटला लावलेले कुलूप हे चुकीचा हात लागू नये म्हणून असते, चोरासाठी नव्हे. मुलांची खाती व पत्ते ज्या फाईलीत आहेत ती जपलीच पाहिजे. चौथे, जुन्या प्रकारच्या फाईली टाकून द्याव्या. त्यांत 65,536 ओळीच मावतात. या मर्यादेपायी इंग्लंडमध्ये 2020 साली 15,841 कोरोनाबाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांतून निसटली, आणि त्यांच्या संपर्कातील माणसांना कळवण्यास विलंब झाला. आपल्या न्यासाला इतक्या ओळी लागणार नाहीत. पण तक्ता भरला की नोंद गळते आणि कोणास कळत नाही, एवढा धडा घेण्याजोगा आहे.

यावरून विश्वस्त मंडळींस आमची नम्र सूचना अशी. फॉर्म बांधण्याचे काम एखाद्या हुशार तरुणावर जरूर सोपवावे. पण फॉर्ममध्ये काय विचारावे, आणि कोणता प्रश्न सक्तीचा असावा, हे त्याच्यावर सोपवू नये. तो ठराव सभेत व्हावा आणि इतिवृत्तात लिहावा. मॅक्रो काय करतो याचे एक पानभर टिपण सोप्या मराठीत करून फाईलीसोबत ठेवावे, कारण तरुण नोकरीसाठी पुण्यास किंवा बंगळूरास जातो आणि फाईल येथेच राहते. दर महिन्याला तक्त्याची कागदी प्रत काढून चिटणिसांनी सही करावी. आणि वापरास आरंभ करण्यापूर्वी फॉर्मची परीक्षा घ्यावी: आडनाव नसलेले एक मूल, वडिलांचे नाव नसलेले एक मूल, शून्याने सुरू होणारे एक खाते, अशा नोंदी मुद्दाम भराव्या आणि त्या तक्त्यात शाबूत उतरल्या की नाही ते पाहावे. पुढे दुसऱ्या कोणाची नोंद केल्यावर पुन्हा एकदा पाहावे. सुखवस्तू, सरळ नावाचा मुलगा कोणत्याही फॉर्ममधून पार होतो. फॉर्मची पारख अडणाऱ्या मुलावरून करावी.

न्यासाच्या घटनेत 'जात, धर्म, भाषा यांचा भेद न करता' असे शब्द असतात. आजवर ते शब्द पाळण्याचे काम माणसे करीत आली. आता त्यातला काही भाग आपण एका बटणामागच्या चार-दोन ओळींकडे देत आहो. ते शब्द त्या ओळींतही उतरले आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपल्याकडेच राहते.